घेणाऱ्याची बाजू

दिवाळी आणि नाताळ या दोन सणांत एक साम्य आहे. दोन्ही सणांना घरोघर पुडकी बांधली जातात आणि दोन्हींच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन चित्रपट पाहण्याची चाल आहे. त्यामुळे देण्याघेण्यावरच्या कौटुंबिक चित्रपटांना तोटा नाही. हॉलिवूडमध्ये तर खास नाताळसाठी ते दरसाल निघतात. एक कंजूष म्हातारा, एक गरीब पण गोड मूल, थोडे बर्फ आणि शेवटी सर्वांच्या डोळ्यांत पाणी, असा त्यांचा ठराविक मसाला असतो. तो मला अगदीच आवडत नाही असे नाही. रडण्याने डोळे स्वच्छ होतात, असे आमची आजी म्हणे. पण या चित्रपटांत कॅमेरा बहुधा देणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. देणारा विरघळला, सुधारला, की चित्रपट संपला! ज्याने हात पुढे केला त्याच्या जिवाचे त्या क्षणी काय झाले, हे विचारायला कुणी थांबत नाही.

फ्रँक काप्रा मात्र थांबले. त्यांच्या १९४६ सालच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चा नायक जॉर्ज बेली एका लहान गावात लोकांना घरांसाठी कर्ज देणारी पेढी चालवतो. स्वतःच्या शिक्षणाचे पैसे त्याने धाकट्या भावाला दिले, मधुचंद्राचे ठेवीदारांना. अशा माणसाच्या पेढीचे आठ हजार डॉलर गहाळ होतात आणि ऐन नाताळच्या आदल्या रात्री तो जीव द्यायला पुलावर जाऊन उभा राहतो. गावापुढे पदर पसरावा, हे काही त्याला सुचत नाही. शेवटी गावकरी पैशांच्या टोपल्या घेऊन त्याच्या घरी लोटतात, तेव्हा प्रेक्षक रडतात. मी त्या वेळी जेम्स स्टुअर्टचा चेहरा पाहत असतो. जन्मभर देत आलेल्या माणसाला घेण्याची सवयच नाही! (गंमत अशी की, हा चित्रपट पहिल्या खेपेला फारसा चालला नव्हता. १९७४ साली त्याच्या हक्कांचे नूतनीकरण करायचे राहून गेले, दूरचित्रवाणीवाल्यांना तो फुकट मिळाला, आणि दर नाताळला दाखवून दाखवून त्यांनी तो घराघरांत पोहोचवला.)

आपल्याकडे घेणाऱ्याची ही अडचण साने गुरुजींनी पुरती ओळखली होती. ‘श्यामची आई’ म्हटले की आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट आणि त्याला मिळालेले पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आठवते. पण या दिवसांत मूळ पुस्तकातले दिवाळीचे प्रकरण जरूर काढून वाचावे. श्यामचे वडील फाटके धोतर नेसून दिवस काढताहेत, आणि आई आपल्या भाऊबीजेच्या पैशांतून त्यांच्यासाठी नवे धोतर आणवते. एका काळच्या सुखवस्तू घरातल्या पुरुषाने बायकोच्या ओवाळणीचे धोतर नेसायचे, यात त्याला कमीपणा वाटायला किती जागा होती! तो वाटू नये, ही सारी करामत त्या माउलीची.

आता आपल्या घरांत काय चालते, पाहा. कामवाल्या बाईंच्या मुलाला फुलबाज्यांची पेटी द्यायची, ती चार पाहुण्यांसमोर. वर “काकांना थँक्यू म्हण” असे त्याला बजावायचे. आपल्या मुलांना दानत शिकवण्याचा हा पाठ असतो म्हणे! त्या पोराची मान खाली गेलेली असते, तिकडे कुणाचे लक्ष नसते.

असल्या सद्गृहस्थांनी विशाल भारद्वाज यांचा ‘द ब्लू अंब्रेला’ मुलांच्या शेजारी बसून पाहावा. रस्किन बाँड यांच्या कथेवरचा हा चित्रपट २००७ साली चित्रगृहांत आला. हिमाचलातल्या एका खेड्यात बिनिया नावाची मुलगी गळ्यातला अस्वलाच्या नखाचा ताईत देऊन निळी जपानी छत्री मिळवते. दुकानदार नंदकिशोर खत्री तिच्यावर असा लोभावतो की अखेर ती चोरवतो आणि लाल रंगवून मिरवतो. चोरी उघडकीस येते, गाव त्याला वाळीत टाकते. पंकज कपूरने हा खत्री असा उभा केला आहे की, त्याचा रागही येतो आणि कीवही. मग हिवाळ्यात बिनिया त्याच्या ओस दुकानात जाते आणि छत्री तिथेच ठेवून निघते. तो बापडा ती घेऊन मागे धावतो, पण ती परत घेत नाही. ती “तुम्हांला माफ केले” म्हणाली असती, तर त्याची मान आणखी खाली गेली असती. तिने ते पुण्यही आपल्या पदरी घेतले नाही.

इराणचे मजीद मजीदी तर याच्याही पुढे गेले. ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) मध्ये तेहरानच्या गरीब वस्तीतला अली बहिणीचे, झहराचे, नुकतेच शिवून आणलेले जोडे हरवतो. मुलींची शाळा सकाळी, मुलांची दुपारी. म्हणून दोघे अलीचेच बूट आळीपाळीने घालतात. एके दिवशी झहराला आपले जोडे दुसऱ्याच एका मुलीच्या पायांत दिसतात. भावंडे ते परत मागायला तिच्या घराशी जातात. दारातून त्या मुलीबरोबर तिचे वडील बाहेर येतात, आणि ते आंधळे आहेत. दोघे एकमेकांकडे पाहतात आणि न बोलता माघारी फिरतात. आपल्याला कुणी काही देऊन गेले, याचा त्या मुलीला पत्ताही नाही! त्यामुळे तिला मान खाली घालायचे कारण उरत नाही.

पुढे धावण्याच्या शर्यतीत अली तिसऱ्या नंबरासाठी पळतो, कारण तिसऱ्याला बक्षीस म्हणून बूट आहेत. दुर्दैवाने पहिला येतो! इकडे वडिलांनी दोघांसाठीही नवे जोडे घेतले आहेत. सायकलला लटकलेले ते जोडे प्रेक्षकांना दिसतात, अलीला दिसत नाहीत. तो अंगणातल्या हौदात सोललेले पाय बुडवून बसला आहे आणि त्यांच्याभोवती लाल मासे गोळा झाले आहेत. मजीदींचा चित्रपट इथे थांबतो. वडील मुलांच्या हातात जोडे देत आहेत, असे दृश्य त्यांनी काढलेच नाही.