पदरमोड करून शेजाऱ्याचा अभ्यास

१. फ्रान्सचं परराष्ट्र खातं आणि तिथली सरकारी संशोधन संस्था सीएनआरएस मिळून अनेक देशांत समाजशास्त्रांची केंद्रं चालवतात. दिल्लीत एक आहे, पाँडिचेरीत १९५५ पासून एक आहे. हाँगकाँगमधलं केंद्र १९९१ चं, आणि त्याचा विषय आजचा चीन. ‘चायना पर्स्पेक्टिव्ह्ज’ हे त्याचं नियतकालिक कोणालाही फुकट वाचता येतं. फ्रान्सची हद्द चीनला कुठेच लागत नाही. आपली लागते, जवळपास साडेतीन हजार किलोमीटर. तरी चीन म्हटलं की आपल्याला डॉ. कोटणीस आठवतात आणि बासष्ट आठवतं. गावाकडचा हुकोऊ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, घेऊन शहरात राबणारा चिनी मजूर कसा जगतो, हे आपण वाचलंच तर पाश्चात्त्यांच्या पुस्तकांत वाचतो.

२. परक्या पैशावरच्या संशोधनाचा संशय येतो, आणि तो दरवेळी खोटा नसतो. अमेरिकी लष्कराने १९६४ मध्ये ‘कॅमेलॉट’ नावाचा प्रकल्प आखला. समाजात बंड कशाने पेटतं आणि ते कसं थोपवावं, हे समाजशास्त्रज्ञांकडून शोधून घ्यायचं होतं. चिलीत असलेले नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी आमंत्रण नाकारलं, बोभाटा झाला आणि १९६५ च्या जुलैत प्रकल्प गुंडाळावा लागला. म्हणून पैसा कुठल्या देशाचा एवढंच विचारून भागत नाही. तो कोणत्या खात्याचा, हे उघड सांगितलंय का? निष्कर्ष छापले जातात की फाइलीत जातात? स्थानिक अभ्यासक तिथे स्वतःच्या नावाने लिहितात, की नुसती माहिती गोळा करून देतात? हाँगकाँगचं केंद्र या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं. फ्रान्सचा स्वार्थ त्यात आहेच, पण तो झाकलेला नाही.

३. हाँगकाँगच का, याचं उत्तर जुनं आहे. माओच्या काळात परदेशी अभ्यासकाला चीनमध्ये शिरता येत नसे. मग १९६३ मध्ये हाँगकाँगला अमेरिकी प्रतिष्ठानांच्या पैशावर ‘युनिव्हर्सिटीज सर्व्हिस सेंटर’ उभं राहिलं. सीमा ओलांडून आलेल्या माणसांना अभ्यासक तासन् तास बोलतं करत. कोणत्या कामाला किती गुण, रेशन किती, सभेत कोण बोललं, अशा चौकशांतून त्यांनी न पाहिलेली खेडी कागदावर उभी केली. पुढे प्रांतोप्रांतीची वर्तमानपत्रं, वार्षिकं, स्थानिक इतिहास यांचा मोठा साठा तिथे झाला. खुद्द चीनमधले अभ्यासकही तो पाहायला येऊ लागले. २०२० च्या अखेरीस ते केंद्र बंद करून साठा, ते ज्या विद्यापीठात होतं त्याच्या मुख्य ग्रंथालयात मिसळत असल्याचं जाहीर झालं. पुस्तकं राहिली, अड्डा मोडला.

४. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस हाँगकाँगला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला होता. त्याआधी, २०१७ पासून, चीनमधल्या परदेशी बिगरसरकारी संस्था पोलीस खात्याच्या देखरेखीखाली गेल्या होत्या. २०२३ मध्ये सीएनकेआय या चिनी संग्रहातले प्रबंध आणि आकडेवारीही परदेशी वाचकांना मिळेनाशी झाली. आपल्याकडे परदेशी देणग्यांचा कायदा आला १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत. २०१० आणि २०२० मध्ये तो आणखी आवळला. हिशेब जरूर मागावा. पण प्रश्नच नकोत म्हणून हिशेब मागणं वेगळं, आणि तो मोह दोन्ही राजधान्यांना होतो.

५. आपली सांस्कृतिक केंद्रं परदेशात योग, हिंदी, कथक शिकवतात. चांगलं आहे, पण त्यातून ते लोक आपल्याला कळत नाहीत. औषधांचा कच्चा माल ज्या देशातून येतो, तिथले कामगार, जमीन आणि म्हातारी होत चाललेली लोकसंख्या अभ्यासणारं आपलं केंद्र हवं, तैपेईत किंवा सिंगापुरात. सगळं दिल्लीवर सोडायचंही कारण नाही. साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली होती. आजच्या महाराष्ट्रात त्याहून श्रीमंत माणसं पुष्कळ आहेत. भाषा शिकण्यात दोन वर्षं गेली तरी पगार चालू राहील अशा नेमणुका हव्यात. शिवाय छापण्याआधी मजकूर परराष्ट्र खात्याला दाखवावा लागणार नाही, हे घटनापत्रातच लिहून घ्यावं, आणि ते जमत नसेल तर पैसा गोळा करायला निघू नये.