दोनशे फुटांवर कोण आहे?

आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसच्या गच्चीवर लंच ब्रेकचा एक फुकट टाइमपास आहे. डोक्यावरून विमान गेलं की फोन काढायचा, फ्लाइटरडार उघडायचं आणि ते कुठून कुठे चाललंय ते बघायचं. त्याआधी ज्याचा अंदाज चुकला, त्याने चहा पाजायचा. गंमत म्हणजे यात गुपित काहीच नाही. विमान स्वतःच आपली जागा, उंची, वेग सेकंदाला साधारण दोनदा रेडिओवरून ओरडून सांगत असतं. त्याला म्हणतात एडीएस-बी. घरावर छोटा अँटेना लावून बसलेल्या हौशी मंडळींमुळे ते आपल्या फोनवर दिसतं.

म्हणजे पस्तीस हजार फुटांवर कोण आहे, ते मला वडा खाता खाता कळतं. आणि समोरच्या बिल्डिंगवर घोंघावणारा ड्रोन कुणाचा? पत्ता नाही!

तुम्ही म्हणाल, असेल कुणाचं तरी प्री-वेडिंग, तुला काय त्रास? एरवी काहीच नाही. पण ऑगस्ट २०१९ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्याही वर! आपल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींसकट पाणीच पाणी, हायवे बंद, पेट्रोलची बोंब. पुरानं वेढलेल्या गावांसाठी एअरफोर्स आणि नेव्हीची हेलिकॉप्टर्स आली होती. पूरग्रस्तांना उचलायचं तर हेलिकॉप्टरला पार छपरांजवळ यावं लागतं. नेमकी तीच उंची ड्रोनवाल्यांची. आणि पुराचे ड्रोन व्हिडिओ तेव्हा आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होते की राव!

आपल्याकडे काही झालं नाही म्हणून सोडून द्यायचं का? जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाला एक ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं आणि आग भडकलेली असताना ते विमान जमिनीवर बसून राहिलं. ड्रोन कुणाचा ते सापडलं, पण नंतर. तेही अशा देशात, जिथे २०२४ पासून बहुतेक ड्रोनना ‘रिमोट आयडी’ची सक्ती आहे. ड्रोन आपला नंबर, जागा, उंची आणि उडवणारा कुठे उभा आहे हे ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून सांगत राहतो. अर्थात ते ऐकायला जवळपास कुणीतरी हवं!

आपले ड्रोन नियम २०२१ चे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन नाही, परवानगी घ्यायची. शाहूपुरी ते उजळाईवाडी नकाशावर सरळ रेघ मारा, ७-८ किलोमीटर भरते. मग संपलंच ना! पण ट्रॅकिंग बीकन, जिओ-फेन्सिंग, ‘परवानगी नाही तर टेकऑफ नाही’ या खऱ्या कामाच्या गोष्टी त्याच नियमांत ‘पुढे कळवू’ म्हणून ठेवल्या होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाडा आणि पुणे जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन फिरायला लागले, लोक काठ्या घेऊन जागू लागले. चोर, सर्व्हे की नुसती अफवा? वर बघून पोलीस तरी काय सांगणार! ११२ फिरवला की जवळची पोलिसांची गाडी कुठे आहे ते कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर दिसतं. तसाच स्क्रीन डोक्यावरच्या पहिल्या चारशे फुटांसाठी हवा, आणि तो पोलीस, अग्निशमन दल आणि विमानतळ तिघांना एकाच वेळी दिसायला हवा. माझ्या मते शहरभर आणखी सीसीटीव्ही लावण्याआधी हे करा.

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राला विचारलं, बीकन लावशील का? मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, आनंदानं लावेन. पण पूर आला की सगळ्यांबरोबर मलाही खाली बसवू नका, मला कामाला लावा. कुठल्या छपरावर कोण अडकलंय, ते होडी पोचायच्या आधी माझ्या कॅमेऱ्यात दिसेल. आणि बीकन कितीला पडेल, तेवढं आधी सांगा!