बाईचा पत्ता लिहायचा कुठे?

जुलै २०२४ मधल्या सेतू केंद्रांपुढच्या रांगा आठवतात ना? ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि गावोगावच्या बायका सकाळी सकाळी कागदांच्या पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. महिन्याला १५०० रुपये मिळणार होते. सरकारच्या पहिल्या आदेशात अधिवास दाखला मागितला होता. म्हणजे बाई गं, तू महाराष्ट्रात राहतेस हे आधी सिद्ध कर! तीस-चाळीस वर्षं एकाच उंबऱ्याच्या आत संसार केलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, “आधार आहे की, मग आता आणखी काय?”

प्रश्न अगदी बरोबर होता. पण उत्तर फारसं कुणी दिलं नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की, नुसता आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा होत नाही. आधार सांगतं की ही बाई म्हणजे हीच. ती कुठली, हे ते सांगत नाही. ते सांगणारा कागद आपल्यापैकी कितीजणींकडे स्वतःच्या नावाचा असतो?

पुढे गर्दी पाहून सरकारनं अट सैल केली. पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला, यातलं काहीही चालेल म्हणाले. परराज्यात जन्मलेल्या सुनेसाठी नवऱ्याचा दाखला चालेल, नवविवाहितेचं नाव रेशनकार्डावर नसेल तर नवऱ्याचं रेशनकार्ड चालेल. सोय झाली, नाही म्हणत नाही. कितीतरी घरांत त्या पैशांनी गॅस आला, मुलांच्या वह्या आल्या. पण बघा, प्रत्येक सोयीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचा कागद जोडला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार मागितलं. मग ज्यांना दोघंही नाहीत त्या विधवांनी, घटस्फोटितांनी काय करायचं? ओरड झाल्यावर मुदत वाढली, आणि मृत्यूचा दाखला नाहीतर घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या असं ठरलं. पण जिला नवऱ्यानं नुसतंच टाकलंय, तिच्याकडे कुठला आदेश असणार?

आमच्या मोऱ्याच्या बचत गटात अशी एक मुलगी आहे. लग्न झालं तेव्हा माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केलं, सासरच्या कार्डावर चढवलं. चार वर्षांत परत आली. आता माहेरी नाव लावायचं तर सासरचं नाव कमी केल्याचा दाखला हवा, आणि तो काढायला सासरची माणसं कार्डच देत नाहीत. ती राहते मोऱ्यात, पाणी भरते मोऱ्यात, तिचा मुलगा इथल्या शाळेत जातो. सगळी आळी तिला ओळखते. पण कागदावर ती अजून तिकडेच नांदतेय!

मैत्रिणींनो, मला यात एक गोष्ट विचित्र वाटते. आपल्याला खरोखर ओळखणारं सरकार म्हणजे नगरपरिषद, नाहीतर ग्रामपंचायत. जन्माची नोंद तिथे, लग्नाची नोंद तिथे, मृत्यूचा दाखलाही तिथेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांसाठी तर जन्मदाखल्याला आणखीच महत्त्व आलंय. शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा तोच. मे २०२४ पासून महाराष्ट्रात बाळाच्या नावानंतर आईचं नावही लावायचं आहे, ही तर आपल्या हक्काची गोष्ट. पण जन्म, लग्न आणि मरण यांच्यामध्ये जे जगणं असतं, त्याचा काय कागद? तिथे असते घरपट्टीची पावती. आणि ती असते घर ज्याच्या नावावर त्याची, म्हणजे सासऱ्याची, नवऱ्याची, नाहीतर कधीच वारलेल्या आजेसासऱ्याची.

पूर्वी सरपंचाच्या, नगरसेवकाच्या सही-शिक्क्याचा रहिवासी दाखला मिळायचा. २०१५ साली राज्य सरकारनं स्वयंघोषणापत्राला मान्यता दिली. आपणच लिहून द्यायचं की मी इथे राहते. कागदोपत्री छानच आहे हो! पण काउंटरपलीकडचा माणूस ते उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, “शिक्का कुठाय?” आधारवरचा पत्ता बदलायलाही जानेवारी २०२३ पासून एक वाट झाली, ‘कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं’. ज्या घरातून बाई बाहेर पडली, किंवा ज्या घरात तिला धड वागवत नाहीत, तिथे ही संमती मागायची कुणी आणि द्यायची कुणी?

आमच्या किनाऱ्यावर ओळखपत्रांचा विषय निघाला की लोकांना वेगळंच आठवतं. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी ‘कुबेर’ नावाची मच्छीमार बोट पळवून मुंबईजवळ आले आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. त्यानंतर समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाला बायोमेट्रिक कार्ड द्यायचं ठरलं. देशाच्या किनाऱ्यावरच्या तीन हजारांहून अधिक गावांमध्ये अठरा वर्षांवरच्या रहिवाशांना निवासी ओळखपत्र द्यायचीही योजना आली. लाखो कार्डं तयार झाली, आणि मग आधार आलं तशी ती मागे पडली. उरणकरांना तर सप्टेंबर २०१६ विसरणं शक्य नाही. शाळकरी मुलांनी शस्त्रधारी संशयित पाहिल्याचं सांगितलं, नौदलापासून पोलिसांपर्यंत सगळे धावले, शाळा बंद राहिल्या. सापडलं काहीच नाही. पण त्या दिवसांत प्रत्येकजण खिशात कार्ड ठेवून फिरत होता.

सुरक्षेसाठी हे सगळं लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच, की संशयातून निघालेल्या कार्डात मोजलं गेलं ते बोटीवर चढणाऱ्याला. बोट लागल्यावर पहाटे बंदरावर लिलावात उभी राहणारी, मासळी निवडणारी, सुकवणारी, पाटी घेऊन उरणच्या बाजारात नाहीतर लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाणारी (तीही ओहोटीला गाळात अडकली नाही तर!) कोळीण त्या मोजणीत कुठे होती? एक मावशी मला म्हणाली होती, “कार्ड दादल्याचा, पाटी माझी.” घरात पैसा येतो तो तिच्या पाटीतून, पण कर्ज काढायला गेली की तिचा धंदा कागदावर नाही.

धंदा कागदावर आला की काय होतं, हे पुण्यात दिसलंय. कचरा वेचणाऱ्या बायकांकडे सगळं गाव चोर म्हणून बघायचं. भंगार उचललं की पोलीस अडवायचे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकारानं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. संघटनेनं या कामगारांना ओळखपत्रं दिली, आणि १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ती मान्य केली. कार्ड तेच, फोटो तोच. पण त्यावर महापालिकेची मान्यता आल्याबरोबर ती बाई ‘संशयित’ राहिली नाही, शहराचं काम करणारी कामगार झाली. पुढे पुणे महापालिकेनं त्यांच्या आरोग्यविम्याचे पैसेही भरले. शिक्का उमटवायला पालिकेचा खर्च तो किती झाला असेल? पण त्यासाठी या बायकांना आधी मोर्चे काढावे लागले, हेही खरं.

आता तर मोर्च्याऐवजी कायदाच हाताशी आहे, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. पथविक्रेता कायदा, २०१४. या कायद्यानं शहरातल्या, नगरपरिषदेच्या हद्दीतल्या प्रत्येक विक्रेत्याचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, त्याला विक्री प्रमाणपत्र द्यायचं आणि ओळखपत्रही द्यायचं. ते देण्याचं बंधन स्थानिक संस्थेवर आहे, ही मेहरबानी नाही. पाटीवाली, हातगाडीवाली, भाजीवाली, फिरून विकणारी, सगळ्याच यात येतात. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला तर त्याच्या जागी धंदा करायचा पहिला मान जोडीदाराचा. मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश बायका.

वाचायला किती छान वाटतं! प्रत्यक्षात मुंबईसारख्या शहरात विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. लहान गावांची गोष्टच सोडा. या कार्डाची किंमत कळली ती करोनात. जून २०२० मध्ये ‘पीएम स्वनिधी’ योजना आली, विनातारण दहा हजारांचं कर्ज. ज्यांच्याकडे पालिकेचं कार्ड होतं त्यांना अर्ज सोपा गेला. ज्यांचं नाव सर्वेक्षणात नव्हतं, त्यांना आधी पालिकेकडून शिफारसपत्र आणावं लागलं. ऐन टाळेबंदीत, धंदा बसलेला असताना! आता २०२५ मध्ये पहिल्या कर्जाची रक्कम पंधरा हजार केलीय आणि योजना मार्च २०३० पर्यंत वाढवलीय. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

“अजून एक कार्ड?” असं तुमच्यापैकी कुणीतरी वैतागून म्हणेलच. पॅन, आधार, मतदार, रेशन, आयुष्मान, ई-श्रम. पर्समध्ये पैशांपेक्षा कार्डंच जास्त. मलाही नवी छपाई नकोच आहे. नगरपरिषदेच्या दप्तरात बाईची स्वतःची नोंद असावी, आणि मागेल तेव्हा तिला त्याचा शिक्क्याचा दाखला मिळावा, एवढंच म्हणणं आहे. हे काही आकाशातले तारे मागणं नाही. अमेरिकेत न्यू हेवन नावाच्या शहरानं २००७ मध्ये आपल्या रहिवाशांना शहराचं ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. ज्या स्थलांतरित मजुरांकडे काहीच कागद नव्हते, त्यांनाही ते मिळालं. न्यूयॉर्कनं २०१५ मध्ये तेच केलं. मला त्यातली एक तरतूद फार आवडली. घरातल्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईला कार्डावर पत्ता न छापताही ते मिळू शकतं. म्हणजे ती कुठे लपलीय हे कुणाला कळत नाही, पण ती या शहराची आहे हे शहर सांगतं. तिकडेही वाद झालेच. बेकायदा आलेल्यांना कार्डं देता म्हणून लोकांनी कोर्टकज्जे केले. आपल्याकडे तर जी जन्मापासून इथलीच आहे, तिचंच कागदावर अडतंय.

आणि बाईच्या नावाचा विचार आपल्याकडे कधी झालाच नाही, असंही नाही. २००३ साली राज्य सरकारनं ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावायचा आदेश काढला होता, ‘घर दोघांचे’ म्हणून. किती ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं ते आपापल्या गावात जाऊन बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तर शिधापत्रिकेवर घरातल्या सर्वांत मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. म्हणजे बहुतेक घरांत सासूबाईंना! आता सुनेचं नाव चढवणं-उतरवणं त्यांच्या मर्जीवर, हा भाग वेगळा.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यभर नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक होते. विचारायचं तरी कुणाला? आता नगरसेवक आहेत, आणि निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असल्यामुळे निम्म्या तरी नगरसेविका आहेत. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. आपल्या गावात पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण कधी झालं आणि यादीत बायका किती? आणि घरपट्टीच्या नोंदीत बायकोचं नाव लावायचा अर्ज कुठे मिळतो? उत्तर आलं नाही तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं साध्या कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. गटातल्या दहाजणींनी मिळून दिलं तर अधिक बरं.

आमच्या बचत गटानं पुढच्या बैठकीत पाटीवाल्या बायकांची यादी करायचं ठरवलंय. नाव, राहतं घर, कुठल्या बाजारात बसते, किती वर्षं. सर्वेक्षणवाले दुपारी घरी येतात तेव्हा आम्ही बाजारात असतो आणि घरातला पुरुष स्वतःचं नाव सांगून मोकळा होतो, अशी सगळ्यांची भीती आहे. म्हणून अर्जात एक ओळ जास्त लिहिणार आहोत, की नाव घरी येऊन नव्हे, पाटीपाशी येऊन लिहून घ्यावं.