तळाशी चाललेली हॉकी

हॉकी म्हटले की नांदेडकरांना गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने होणारी अखिल भारतीय स्पर्धा आठवते. बँकेच्या नोकरीत नांदेडला होतो तेव्हा तिचे सामने मी सहसा चुकवत नसे. त्यामुळे परवा नातवाने मोबाइल पुढे धरून, "आबा, ही हॉकी पाण्याखाली खेळतात," असे सांगितले तेव्हा मला ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. १९५४ साली इंग्लंडमधील साउथसी येथे ॲलन ब्लेक या पाणबुड्याने, हिवाळ्यात क्लबच्या मंडळींचा सराव सुटू नये म्हणून हा खेळ काढला. पाण्यात दोन्ही बाजूंचे सहा-सहा गडी, हातात फूटभर काठी आणि तळाशी सव्वा किलोहून जड चकती. पाठीवर हवेची टाकी नाही. श्वास रोखून खाली जायचे, चकती ढकलायची आणि दम संपण्याआधी ती सोबत्याच्या हवाली करून वर यायचे. १९८० साली व्हँकुव्हरला पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२३ ची ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला. काठावरच्या प्रेक्षकाला फारसे काही दिसत नाही, ही त्यातली गंमत!

हिशेबाची सवय जात नाही. पंचवीस मीटर लांब, पंधरा रुंद आणि दोन मीटर खोल तलावाला साडेसात लाख लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर होते. म्हणजे एका सामन्याच्या मैदानाला दीड रेल्वे. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले होते. तेव्हा लातुरात कोणी पोहण्याच्या तलावाचे नाव काढले असते, तर मीच त्याला वेड्यात काढले असते.

पण मोबाइलवरची ती पोरे बुड्या मारताना पाहून मला आमच्या गावची विहीर आठवली. काका पाठीला भोपळा बांधून ढकलून देत. महिनाभरात भोपळा सुटे. मग कोणीतरी दहा पैशांचे नाणे टाकी आणि तळातून ते वर आणील तो शूर. नियम नव्हते एवढेच.

ती विहीर आटली. भोवती बोअर झाले. त्यातल्या कित्येकांच्या कर्जप्रकरणांवर माझीच सही आहे. साडेसहा इंचांच्या भोकात कोण पोहायला शिकणार? नातवाला विचारले, "तुला येते का रे पोहायला?" तो म्हणाला, "आबा, शिकणार कुठे?"

पोहायला शिकवणारे पाणी गेले आणि बुडवणारे आले. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या उतारावर ओला पाय टिकत नाही. पोहता येणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे तिथेच उतरतात आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी येते.

लातूर-नांदेडने जागतिक स्पर्धेचे वेड घ्यावे असे मी म्हणत नाही. पण तलाव म्हणजे निव्वळ चैन, हेही मला आता पटत नाही. ते पाणी रोज नवे लागत नाही. गाळून तेच पुन्हा वापरतात. बऱ्या पावसाच्या वर्षी तालुक्याला एक तलाव भरावा आणि पाचवीच्या आत प्रत्येक मुलाला, मुलींनासुद्धा, पोहणे शिकवावे. आणि शेततळ्याला पैसे देणाऱ्याने कुंपण व गाठी मारलेला दोर पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. मी नोकरीत असताना विहिरींची लांबी, रुंदी, खोली टेप धरून मोजत असे. दोर आहे का, हे एकदाही विचारले नाही.