नट्टूकाकांची पगारवाढ

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना लागणाऱ्या कनेरगावच्या नावाला चिकटलेला 'नाका' हा शब्द जुन्या राज्यव्यवस्थेची खूण आहे. निजामाचे राज्य या परिसरात संपत असे आणि पुढे वऱ्हाड सुरू होत असे. अशा हद्दींवर मालाची झडती होई, करोडगिरी भरावी लागे आणि मगच गाडी पुढे सरके. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले आणि ती झडती इतिहासजमा झाली. आज या गावात येणारा एक माल मात्र कोणत्याही ट्रकमधून येत नाही. तो रोज संध्याकाळी थेट घरात उतरतो, आणि त्याची झडती घेणे कोणालाच आवश्यक वाटत नाही. हा माल म्हणजे दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोद.

या विनोदाविषयी पुरोगामी कार्यकर्त्यांत दोन मते आढळतात. पहिले मत असे की, दिवसभर राबलेल्या माणसाला घटकाभर हसू द्यावे, त्यात राजकारण शोधू नये. दुसरे मत असे की, हा सारा भांडवलदारांचा अफूचा धंदा असून तो पाहणेच कमीपणाचे आहे. पहिल्या मतात भाबडेपणा आहे, दुसऱ्यात तुच्छता आहे आणि दोहोंत विचार करण्याचा आळस आहे. माणूस हसतो ही गोष्ट महत्त्वाची नाही. तो कोणाला हसतो ही महत्त्वाची आहे. आणि एकाच मालिकेत, तीच पात्रे व तेच प्रसंग असताना, हे 'कोणाला' हळूहळू बदलत गेले असेल, तर त्याची कारणे शोधणे हे समाजवाद्यांचेच काम आहे.

'तारक मेहता का उल्टा चष्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सब वाहिनीवर सुरू झाली. गुजराती विनोदकार तारक मेहता यांनी १९७१ पासून 'चित्रलेखा' साप्ताहिकात चालविलेल्या सदराचा तिला आधार होता. अधिकारी बंधूंनी काढलेली ही वाहिनी २००५ मध्ये सोनी समूहाने विकत घेतली होती. २०२४ मध्ये मालिकेने चार हजार भागांचा टप्पा ओलांडला आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिला सतरा वर्षे पूर्ण झाली. 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने ती मराठी बोलू लागल्यावर हिंदीशी फारसा परिचय नसलेल्या आजीबाईंपर्यंतही ती पोहोचली. हिचा विचार टाळणे म्हणजे मराठी घरातील रोजच्या अर्ध्या तासाचा विचार टाळणे होय.

पहिल्या काही वर्षांतील विनोदाची घडण लक्षात घेण्याजोगी होती. हास्याचा मुख्य विषय होता दुकानमालक. जेठालाल गडा हा विजेच्या उपकरणांचा व्यापारी. परंतु बाप त्याला चारचौघांत झापतो, मेहुणा अहमदाबादेहून येऊन त्याला गंडवतो, मुलगा त्याच्या नाकी नऊ आणतो आणि बायको भलत्या वेळी भलते बोलून त्याचा बेत उधळून लावते. ज्याच्या हाती गल्ला, त्याचीच फजिती, हा त्या विनोदाचा नियम होता. लोकनाट्याचाही हाच नियम आहे. आपल्या वगातला सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची रेवडी उडवतो. गुजरातच्या भवाईतला रंगला हेच करतो. तो आरंभीचा विनोद निर्दोष होता असे नाही. शेजारणीवर लाळ घोटणारा नवरा हा तेव्हाही गमतीचा विषय होता आणि त्यात स्त्रीचा सन्मान नव्हता. तरीही हसण्याचा ओघ एकंदरीत वरच्या दिशेने होता.

आता जेठालालच्या दुकानातील नोकर नट्टूकाका यांच्याकडे पाहावे. ते पगारवाढ मागतात. आरंभी या मागणीमुळे मालकाचा कंजूषपणा उघडा पडे. हसू मालकाला येई. पुढे ही मागणी इतक्या वेळा उच्चारली गेली की ती मागणीच हास्यास्पद ठरली. म्हातारा तोंड उघडतो, वाक्य प्रेक्षकाला आधीच पाठ असते, आणि हसू फुटते ते मागणाऱ्याच्या चिकाटीला. नट तोच, दुकान तेच, शब्दही तेच. हसू मात्र गल्ल्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकले. ही भूमिका करणारे घनश्याम नायक हे भवाईची परंपरा असलेल्या घराण्यातले कसलेले नट होते. राजाला टोमणे मारणाऱ्या कलेचा वारसदार तेरा वर्षे मालकापुढे पगारवाढीची विनवणी करीत राहिला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. विनवणीचा विनोद मात्र तेव्हाही पुरता वसूल झालेला नव्हता.

इतर पात्रांचेही तेच झाले. भिडे मास्तर शिकवण्या घेतात, त्यांची पत्नी माधवी लोणची-पापड विकते. दोघांच्या कष्टावर चालणारे हे मराठी घर; त्याची काटकसर ही महागाईने लादलेली गरज आहे. परंतु कालांतराने ती केवळ एक स्वभावदोष, एक ठरावीक खूण म्हणून उरली. पत्रकार पोपटलालचे न जमणारे लग्न हे तर वर्षानुवर्षे चघळलेले दुःख आहे. आणि खोडकर टपूसेना? काचा फोडणारी ही पोरे पुढे सद्वर्तनाचे धडे गिरवू लागली. ज्यांच्याकडे काही आहे त्यांची फजिती कमी झाली. ज्यांना काही हवे आहे त्यांची थट्टा वाढली.

याला लेखकांचा दुष्टपणा कारण आहे असे मानणे भाबडेपणाचे होईल. कारण अर्थशास्त्रीय आहे. साप्ताहिक मालिकेला वर्षाकाठी फार तर ५२ भाग लिहावे लागतात. या मालिकेचे वर्षाकाठी सरासरी अडीचशेहून अधिक भाग झाले. म्हणजे जुन्या मापाने पाच वर्षांचे काम एका वर्षात. विनोद हा नाशवंत माल आहे. तो या वेगाने नव्याने पिकत नाही. मग जुनाच पुन्हा पुन्हा दळला जातो. शिवाय येथे विकली जाणारी वस्तू विनोद नव्हेच. जाहिरातदाराला विकले जाते ते प्रेक्षकाचे लक्ष. नट्टूकाकांचा प्रश्न सुटला तर गंमत संपते, गंमत संपली तर कथानक संपते, आणि कथानक संपले तर जाहिरातीची जागा ओस पडते. म्हणून पगारवाढ न देणे ही जेठालालच्या स्वभावाहून वाहिनीच्या ताळेबंदाची गरज ठरते. भांडवलाला समस्येची उकल परवडत नाही. त्याला समस्येचा हप्ता हवा असतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू दयाच्या पात्रात दिसते. दिशा वकानी २०१७ मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि पुन्हा मालिकेत आल्या नाहीत. त्यानंतर दयाच्या परतीची आशा हेच एक कथानक होऊन बसले. एका स्त्रीच्या कसबाशिवाय विनोद उभा राहत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. हास्य भांडवलातून निर्माण होत नाही, श्रमातून निर्माण होते. परंतु हा धडा घेण्याऐवजी प्रेक्षकाच्या प्रतीक्षेचाच माल करण्यात आला.

विनोद आटला की त्याच्या जागी उपदेश येतो. २ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी स्वच्छ भारत अभियानासाठी नऊ जणांना आवाहन केले, त्यांत या मालिकेच्या चमूचा समावेश होता. स्वच्छतेला विरोध कोण करील? परंतु गोकुळधामच्या प्रमुख घरांमध्ये सफाई कामगाराचे एकही घर नाही. कचरा कोण उचलतो, कोणत्या वेतनावर, कोणत्या जातीत जन्मल्यामुळे, हे प्रश्न बाजूस ठेवून हाती झाडू घेतला की स्वच्छता हा केवळ शिष्टाचाराचा विषय होतो. उपदेशाची हीच सोय असते. दोष व्यवस्थेचा न राहता नागरिकाच्या सवयीचा ठरतो, आणि सत्तेची रेवडी उडविणारा विदूषक सत्तेचा दवंडीवाला बनतो.

मार्च २०२० मध्ये या मालिकेवरून महाराष्ट्रात एक वादंग झाले. मुंबईची भाषा हिंदी, अशा अर्थाचे वाक्य चंपकलालच्या तोंडी आले; मनसेने आक्षेप घेतला आणि निर्मात्याने दिलगिरी व्यक्त केली. भाषेचा अभिमान योग्यच आहे. परंतु भिडे मास्तरांच्या शिकवणीची फी आणि दुकानातील नोकराचा पगार यांवरून महाराष्ट्रात कधी वादंग झाले नाही. अस्मितेला लागलेली ठेच तत्काळ दुखते. पोटाला बसलेला चिमटा मात्र विनोद म्हणून पचविला जातो. या निवडक संवेदनशीलतेचा जाब आपण आधी स्वतःला विचारला पाहिजे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जेठालाल नट्टूकाकांना घरच्या वडीलधाऱ्यासारखे वागवतो, त्यांत शोषण कोठे आले? आक्षेपाचे उत्तर आक्षेपातच आहे. 'तू तर घरचाच' या वाक्याने मजुरीचा जितका भाग गिळंकृत केला, तितका उघड दंडेलीनेही केला नसेल. कनेरगाव नाक्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावांत किराणा, कृषी सेवा केंद्र, कापड, हॉटेल अशी दुकाने एक-दोन पोरांच्या बळावर चालतात. त्या पोराला हजेरीपत्रक नसते, ठरलेली सुटी नसते. असतो तो घरोबा. कौटुंबिक विनोद या घरोब्याला गोंडस रूप देतो. पोराने पगाराचा विषय काढला तर मालकाला रागावण्याचीही गरज उरत नाही. नट्टूकाका म्हणून हाक मारली की पुरे. मागणी हशात बुडते आणि हसणाऱ्यांत तो पोरगाही असतो.

हा हशा कायद्यालाही सोयीचा पडला. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम लहान दुकानातील एकट्यादुकट्या नोकरालाही आपल्या कक्षेत घेत होता. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना मुख्य तरतुदींतून वगळले. म्हणजे कामाचे तास, साप्ताहिक सुटी, रजा यांबाबत ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच बाहेर. गडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकर किती, हे प्रेक्षकांना ठाऊक आहे. 'उद्योगसुलभता' या नावाखाली हा बदल झाला तेव्हा लहान गावांतून निषेधाचा आवाज क्वचितच उठला. ज्याच्या मागणीला हसण्याची सवय लागली आहे, त्याचा हक्क गेल्याचे दुःख कोणाला होणार?

गोकुळधामचा पत्ता गोरेगाव पूर्वेचा दाखविला जातो, हेही विसरता कामा नये. हे गोरेगाव मृणाल गोरे यांचे. पाण्यासाठी झगडलेल्या, १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात हजारो स्त्रियांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणणाऱ्या बाईंचे. १९७७ मध्ये त्या लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा सर्वतोमुखी झाली. हाही विनोदच होता. परंतु तो हंडा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या जिभेवरचा होता. त्याच गोरेगावात, दिंडोशीला, नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन नागरी निवारा परिषदेने अल्प उत्पन्न गटासाठी हजारो घरे उभी केली. महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला. २००८ मध्ये गोरेगावच्याच पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि पुढे ती कुटुंबे वर्षानुवर्षे हक्काच्या घराविना राहिली. त्याच २००८ मध्ये पडद्यावरच्या गोरेगावात सर्व धर्म-भाषांचे लोक आपापल्या सदनिकांत आनंदाने नांदू लागले. मात्र त्यांतला अब्दुल दुकानापुरताच सोसायटीचा राहिला. खऱ्या गोरेगावातून चाळकरी बाहेर पडत असताना खोट्या गोरेगावाने देशाला हसविले.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? मालिका बंद करा, अशी मागणी मूर्खपणाची ठरेल. बंदी हे आपले शस्त्र नव्हे. पहिले काम कायद्याचे. विखुरलेल्या मालकांकडे राबणाऱ्या श्रमिकांना संरक्षण देता येत नाही, हा युक्तिवाद १९६९ च्या माथाडी कायद्याने खोटा पाडला आहे. मंडळाकडे हमालाची आणि मालकाची नोंद होते, मजुरी व अधिभार मालक मंडळात भरतो, आणि भविष्यनिर्वाह निधीसह लाभ कामगाराला मिळतात. लहान दुकानांतील नोकरांसाठी तालुका बाजारपेठेच्या पातळीवर असेच मंडळ असावे, ही मागणी पक्षाने जाहीरनाम्यात घ्यावी आणि तिची सुरुवात हिंगोली, वाशीमसारख्या जिल्ह्यांतून दुकाननिहाय नोंदणीने करावी.

दुसरे काम विनोदाचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत घडविले. अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगाराला त्याच्याच भाषेत हसविले. ती परंपरा आपण पुण्यतिथीच्या भाषणापुरती ठेवली आणि गावची संध्याकाळ वाहिनीला देऊन टाकली. आठवडी बाजारात वीस मिनिटांचा वग उभा करायला फार भांडवल लागत नाही. त्यात पगार मागणारा नोकर जरूर असावा. त्याने हसवावेही. फक्त त्या वगाच्या शेवटी पगार वाढला पाहिजे, आणि हसू मालकाला आले पाहिजे.