आजोबांचा पाऊस आणि समुद्रातला गाळ

'पालकांचे मत' हे पान यावेळी आमच्या वाट्याला आले तेव्हा आम्ही गणेशोत्सवाच्या जेवणावळीबद्दल लिहू अशी संपादकांची समजूत झाली असावी. पण आम्ही लिहिणार आहोत समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाबद्दल. त्याचे कारण आधी सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी देवगडला आमच्या वडिलांना फोन लावला होता. आंब्याची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "पाऊस काही पूर्वीसारखा राहिला नाही रे. मोहोर आला की हजर, आणि लावणीच्या वेळी दडी मारतो." आमची नववीतली कन्या शेजारीच होती. आदल्याच आठवड्यात तिने शाळेत याच विषयावर वीस मिनिटे जर्मनमध्ये भाषण केले होते, म्हणून आम्ही मोठ्या अभिमानाने फोन तिच्याकडे दिला. "आजोबा, समुद्रात ना, छोटे छोटे... त्यांची घरं... खाली पडतात..." एवढे बोलून ती अडली आणि फोन परत आमच्या हातात आला. आम्ही पडलो कॉम्प्युटरवाले. ठोकून दिले, "हवामान काय, पूर्वीपासून बदलतच आलंय, बाबा." फोन ठेवल्यावर कन्या म्हणाली, "पप्पा, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. हवामान पूर्वी बदलत होते हे माणसाला कळले तरी कसे? थर्मामीटर तर जेमतेम चारशे वर्षांचा. पुढच्या शनिवारी आम्ही बापलेक एस-५ पकडून फ्रँकफुर्टला झेंकेनबर्ग संग्रहालयात गेलो. डायनासोरांपुढे गर्दी होती. आमचा शोध मात्र मोहरीच्या दाण्याहून लहान वस्तूंचा होता.

समुद्राच्या पाण्यात प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जे जीव असतात त्यांना मराठीत 'प्लवक' म्हणतात. प्लवणे म्हणजे तरंगणे. 'प्लँक्टन' हा शब्द १८८७ साली कीलच्या व्हिक्टर हेन्सन यांनी रूढ केला, तो 'भटक्या' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. या भटक्यांमध्ये फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव आहेत. ते आपल्याभोवती चुन्याचे इवलेसे कवच बांधतात, त्यात एकापुढे एक खोल्या वाढवत जातात, आणि काही आठवड्यांत आयुष्य संपले की कवच तळाशी जाऊन बसते. वर्षानुवर्षे, लाखो वर्षे हा पाऊस समुद्राच्या आत पडतच असतो. रुगेन बेटावरचे पांढरे कडे ज्यांनी पाहिले असतील त्यांनी अशाच चुनखडी प्लवकांचा सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा ढीग पाहिला आहे.

आमच्या धंद्यातल्या भाषेत ही समुद्राची लॉग-फाईल. नवी ओळ वर, जुनी खाली, आणि कुणी मुद्दाम लिहीत नसल्यामुळे कुणी खोटेही लिहीत नाही. अर्थात प्रत्येक लॉग-फाईलसारखे हिचेही दोष आहेत. तळावरचे किडे गाळ उकरून ओळी एकमेकींत मिसळतात. फार खोल समुद्रात चुना विरघळून पानेच कोरी होतात. म्हणून गाळ कुठून काढायचा यातच निम्मी विद्या आहे.

ही फाईल वाचण्याची सुरुवात करणाऱ्यांत जर्मन मंडळी होती, हे आमच्या मुलांना शाळेत कुणी सांगत असेल असे वाटत नाही. १९२५ ते १९२७ या काळात 'मेटेऑर' जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागर आडवातिडवा पालथा घातला. (त्याच दशकात फ्रिट्झ हाबर समुद्राच्या पाण्यातून सोने काढून युद्धाचे कर्ज फेडण्याच्या विचारात होते. सोने निघाले नाही.) जहाजाने नळ्या तळात खुपसून गाळ आणला. वोल्फगांग शॉट यांनी त्यातली कवचे मोजली आणि १९३५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऊबदार पाण्यात राहणारी 'ग्लोबोरोटालिया मेनार्डी' ही जात वरच्या थरात होती, त्याखाली नाहीशी झाली होती, आणि आणखी खाली पुन्हा हजर होती. मधला रिकामा थर म्हणजे हिमयुग! पुढे १९५५ साली सेझारे एमिलियानी यांनी कवचातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजून एकामागून एक हिमयुगे दाखवली. पाणी थंड झाले, किंवा जमिनीवर बर्फ साचले, की कवचात जड ऑक्सिजन वाढतो.

पण आजोबांना हवा होता पाऊस. आणि इथे गोवा आणि हॅम्बुर्ग यांची गाठ पडते. गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. सुट्टीत तिच्यासमोरून आपण कितीदा आईस्क्रीम खात गेलो असू! १९८६ पासून या संस्थेने आणि हॅम्बुर्ग विद्यापीठाने मिळून अरबी समुद्रात खोलवर मोठमोठी नरसाळी दोराने बांधून सोडली. वरून पडणारा गाळ नरसाळ्यातून खालच्या बाटलीत जमतो, आणि ठरल्या दिवशी यंत्र बाटली बदलते. म्हणजे प्रत्येक बाटलीवर तारीख. त्यातून दिसले की मोसमी वारे सुटले की तळाकडे जाणारा गाळ एकदम वाढतो. ओमानच्या बाजूला नैर्ऋत्येचे वारे वरचे पाणी ढकलून देतात, खालचे थंड, पोषक पाणी वर येते, आणि 'ग्लोबिजेरिना बुलॉयडिस' नावाची फोरॅमिनिफेराची जात त्यावर भरमसाट वाढते. वारा जोराचा, तर तिची कवचे जास्त.

जिवंत प्लवकांवरून ही किल्ली हाती आली की जुने कुलूप उघडते. ओमानच्या किनाऱ्यासमोर १९८७ साली काढलेल्या गाळात खरगपूरच्या आयआयटीतल्या अनिल गुप्ता यांनी व सहकाऱ्यांनी हीच जात मोजली. २००३ साली त्यांनी दाखवले की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिकमध्ये जेव्हा जेव्हा थंडीचा कडाका पडला, तेव्हा तेव्हा आपला नैर्ऋत्य मान्सून दुबळा झाला. इकडची थंडी आणि तिकडचा पाऊस! देवगड आणि बाड हॉम्बुर्ग या दोन गावांचे नाते आमच्या विमानाच्या तिकिटापलीकडेही आहे, हे वाचून आम्हाला, खरे सांगायचे तर, फार बरे वाटले.

आता आमच्या त्या वाक्याकडे येतो. 'हवामान पूर्वीपासून बदलतच आले आहे.' गेल्या पालक-बैठकीतही एका सद्गृहस्थांनी ते ऐकवले, मुलांना उगाच घाबरवू नका म्हणून. वाक्य खरे आहे, पण ज्या पुराव्यावरून ते कळले तोच पुरावा पुढचेही काही सांगतो, आणि तिथे मात्र आपण कान झाकतो. हिमयुग संपताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण १९० वरून २६० ते २८० वर जायला काही हजार वर्षे लागली, हे ध्रुवावरच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून कळते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत तो सुमारे २८० वरून ४२० च्या पुढे गेला. त्यातला बराचसा समुद्र पितो, पाण्याची आम्लता वाढते, आणि चुन्याचे घर बांधणे कठीण होते. दक्षिण महासागरात नरसाळ्यांत जमलेली बुलॉयडिसची आजची कवचे तळातल्या जुन्या कवचांपेक्षा तीस ते पस्तीस टक्क्यांनी हलकी भरली, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मान्सूनची नोंद ठेवणारी हीच ती जात! लिहिणाऱ्याचीच लेखणी झिजते आहे. हे मुलांना सांगणे म्हणजे घाबरवणे, असे आम्हाला वाटत नाही. त्यांना ते ठाऊकच आहे. आपण टाळतो एवढेच त्यांना दिसते.

त्याच बैठकीतला दुसरा मुद्दा असा निघाला की विज्ञान जर्मन शाळा शिकवतेच, मराठी वर्गाने श्लोक, सण आणि गोष्टी सांभाळाव्यात. याला आमचा सविनय पण स्पष्ट विरोध आहे. श्लोक हवेतच. पण ज्या मुलीला 'आई, भूक लागली' मराठीत म्हणता येते आणि 'गाळ', 'कवच', 'प्रवाह', 'आम्लता' म्हणता येत नाही, तिची मराठी स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबते. शिवाय हे शब्द काही परके नाहीत. गाळ आजोबांच्या विहिरीत आहे, आणि कवच रोजच्या रामरक्षेत.

म्हणून आमची वर्गाला सूचना आहे की येत्या सहामाहीत एक शनिवार यासाठी ठेवावा. सकाळी संग्रहालय, दुपारी तेच मराठीत लिहून काढायचे. बाकीच्या शनिवारांना काही धक्का लावायचा नाही. उन्हाळ्यात भारतात जाणाऱ्या मुलांनी दहापट मोठे दाखवणारे भिंग बरोबर न्यावे आणि किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू काळ्या कागदावर पसरून पाहावी. तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेराची कवचे त्यात सापडू शकतात. (इथे चित्र देणार होतो, पण झेरॉक्सवर नुसता काळा ठिपका उमटला.)

आमच्या घरी गेल्या महिन्यात पुन्हा फोन झाला. कन्येने समोर वहीचे पान ठेवले होते, त्यावर मराठी शब्द देवनागरीत आणि बाजूला जर्मन. आजोबांनी सगळे ऐकून घेतले, दोनदा "परत सांग" म्हणाले. मग विचारले, "त्या गाळात यंदाचा पाऊसही लिहिला जाईल का गं?" ती म्हणाली, "हो आजोबा, पण वाचायला वेळ लागेल." आजोबा म्हणाले, "मग तूच वाच. आणि मराठीत कळव."