१८ ऑगस्ट आणि ती पिवळी रेषा

गेल्या वर्षी विज्ञानमंडळाच्या भित्तिपत्रकावर आम्ही मोठ्या ऐटीत लिहिले होते की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आजही दाखविले जातात, तेथे हेलियम दिनही साजरा झालेला आहे. तेव्हा शंका घेण्याचे आम्हांस कारणच दिसले नाही. पुढे अधिक वाचता कळले की, त्या दिवशी लॉकियर इंग्लंडात होते! ग्रहण पाहण्यासाठी ते हिंदुस्थानात आले खरे, पण १८७१ च्या डिसेंबरात.

मग १८ ऑगस्टला घडले तरी काय? चंद्राची छाया कोकणचा किनारा ओलांडून पूर्वेकडे गेली. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक लावून बसले होते. आणि आम्हां सीमाभागातील विद्यार्थ्यांस विशेष वाटावे असे हे की, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल हेही तेच यंत्र घेऊन आले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलांचे हे नातू. ऑगस्ट महिना, ढगांनी त्यांना पुष्कळ छळले. तरीही ढगांच्या फटीतून त्यांना सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्याच. म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे ठरले. त्यांतील एक रेषा पिवळी होती. ती सोडियमची असावी असे पाहणाऱ्यांना वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविकच होते. जान्सेन यांनी तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या ज्वाला पाहून दाखविल्या.

इकडे लॉकियर आपल्या नव्या यंत्राची वाट पाहत होते. ते हाती आले १६ ऑक्टोबरला, आणि २० ऑक्टोबरला त्यांनीही ग्रहणावाचून तेच साधले. दोघांचीही वार्ता पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या शेजारी आहे, त्यांवर नाही, हे लॉकियर यांनी दाखवून दिले आणि सूर्यात एखादे अपरिचित मूलद्रव्य असावे असा तर्क केला. पुष्कळांना तो पटला नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना क्लीव्हाइट नावाच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली. मध्ये सत्तावीस वर्षे लोटली होती.

आता सांगा, हेलियमची जन्मतिथी कोणती धरावी? आमचे मत स्पष्ट आहे. १८ ऑगस्ट अवश्य पाळावा. विजयदुर्गाच्या कट्ट्यांवर उभे राहून छाया कोठून आली हेही मुलांना दाखवावे. मात्र त्या दिवशी तेथे नसलेल्या माणसास तेथे बसवून आपल्या मुलखाचा मान वाढतो, असे आम्हांस वाटत नाही. जमखंडीस जे खरोखर घडले ते काय थोडे आहे? (आमच्या वर्गात जमखंडीची दोन मुले आहेत, त्यांनाही हे ठाऊक नव्हते!)

यंदाच्या भित्तिपत्रकावर आम्ही १८ ऑगस्टखाली गुंटूर व जमखंडी ही नावे लिहिली आहेत. लॉकियर यांचे चित्र काढून ठेवले आहे. ते २० ऑक्टोबरला लागेल. आणि खाली, बारीक अक्षरांत नव्हे, गेल्या वर्षीची चूकही नोंदविली आहे.